वगळलेलं घर

खुआंगीच्या चुलीवर टांगलेल्या फळीवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता, काठोकाठ तांदळानं भरलेला. त्याच फळीखाली तिची सहा वर्षांची नात मुआनी रानकंद खाऊन, ओकून ओकून निपचित पडली होती. घरात खायला दुसरं काही नव्हतं म्हणून कंद. हे दोन्ही मी एकाच दुपारी पाहिलं. त्याला आता बरीच वर्षं झाली, पण आठवलं की आजही हातातलं काम थांबतं. आणि हे घडलं ते माझ्या चांगुलपणामुळे. दुष्टपणानं घडलं असतं तर मी केव्हाच पश्चात्ताप करून मोकळी झाले असते.

नीट सांगते.

आमच्या मिझो डोंगरांत बाई तांदूळ शिजवायला घेते तेव्हा आधी त्यातली एक मूठ बाजूला काढते. सकाळी एक, संध्याकाळी एक. ती प्रभूची. मुठी डब्यात साठतात आणि शनिवारी दुपारी चर्चच्या मंडळीनं नेमलेल्या दोन बायका पोतं घेऊन घरोघर फिरतात, त्या गोळा करतात. त्या तांदळावर दूरदूरच्या मुलखात येशूची सुवार्ता सांगत फिरणारे आमचे सुवार्तिक जगतात. माझ्या आईनं मूठ काढली, तिच्या आईनं काढली. तांदूळ शिजला तर मूठ, नाही शिजला तर नाही, एवढाच नियम. आणखी एक आहे, तो कुणी कुठं लिहिलेला नाही. मुठीचा तांदूळ आपण होऊन कुणी नेऊन देत नाही. तो न्यायला दारात यावं लागतं.

गावाच्या खालच्या आळीत गोळा करायचं काम माझ्याकडे आणि झामीकडे होतं. झामी माझ्याहून वीस वर्षांनी लहान, म्हणून मला 'पी' म्हणायची, म्हणजे थोरली बाई; जीभ मात्र माझ्याहून लांब.

"पी दारी, भोक तुमच्या पोत्याला आहे की लोकांच्या मुठीला?" त्या वर्षी ती दर शनिवारी विचारायची.

त्या वर्षी म्हणजे बांबू फुलला त्या वर्षी. अठ्ठेचाळीस वर्षांनी एकदा आमचा सगळा बांबू एकदम फुलतो. त्याची फळं खाऊन उंदीर माजतात आणि फळं संपली की शेतात उतरतात. उतारावरचं आमचं भात कापणीला आलं होतं. सोमवारी पाहून आलो तेव्हा उभं होतं, गुरुवारी गेलो तर नुसत्या काड्या. माझा नवरा रोआ त्या काड्यांमध्ये उभा राहून हसला. मला त्याचा इतका राग आला की मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. नंतर कळलं, माणूस रडू शकत नव्हता म्हणून हसत होता.

मग विकतच्या तांदळावर आलो. आम्ही पिकवलेल्या आल्याला भाव नव्हता, मजुरी मिळत नव्हती, आणि सरकारी तांदळाचा ट्रक दरड कोसळली की खालीच अडकायचा. लोक रानात कंद खणायला लागले. पाळकांनी उपासनेत उभं राहून सांगितलं, ज्यांना झेपत नाही त्यांनी मूठ काढू नये, प्रभू समजून घेईल. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि एकाही घरानं मूठ बंद केली नाही. लहान केली.

मीही केली. बोटं आतल्या आत दुमडून घेतली की मूठ बाहेरून मूठच दिसते, आत मात्र निम्माच तांदूळ येतो. रोआला कळलं नाही. देवाला कळत असणार, पण तो तोंडावर बोलत नाही हे एक बरं आहे.

खुआंगीची मूठ मात्र लहान झाली नाही.

खुआंगी माझ्या बरोबरीची. गेल्या खेपेला बांबू फुलला तेव्हा आम्ही दोघी सात-आठ वर्षांच्या होतो, आमच्या आयांबरोबर कंद खणायला जायचो. तिचा नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी एका लग्न झालेल्या माणसाबरोबर निघून गेली, तेव्हा मंडळीनं आपल्या यादीतून मुलीचं नाव कमी केलं. उपासनेत वाचून दाखवलं. खुआंगी तिसऱ्या बाकावर ताठ बसून ते ऐकत होती. पुढं त्या मुलीनं मुआनीला आजीकडे आणून सोडलं आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. खुआंगी रानातून लाकडं आणून विकायची, त्यावर दोघी जगत होत्या.

दर शनिवारी ती खांबांवर उभ्या घराच्या शिडीच्या वरच्या पायरीवर डबा घेऊन उभी असायची. स्वतः ओतायची, आम्हाला डब्याला हात लावू द्यायची नाही. तिच्या मनगटाची हाडं वर आली होती आणि तांदूळ मात्र होता तेवढाच. मला तिच्याकडे पाहणं नको व्हायचं.

एका शनिवारी ओतताना चार दाणे पायरीवर सांडले. मुआनी पुढं झाली, बोट जिभेला लावून ओलं केलं, दाणे एकेक करून टिपले आणि कच्चेच खाल्ले. खुआंगीनं तिकडे पाहिलं नाही. मी पाहिलं.

पुढच्या वळणावर मी झामीला म्हणाले, "आजपासून हे घर नाही घ्यायचं."

"तिला विचारलंत का?"

"विचारलं तर नाही म्हणेल."

"मग?"

"मग विचारायचं नाही."

झामी म्हणाली, "तुम्ही मोठ्या, तुम्ही म्हणाल तसं." तिच्या आवाजात काहीतरी होतं, मी लक्ष दिलं नाही.

पुढच्या शनिवारी खुआंगी डबा घेऊन पायरीवर उभी होती. मी खालूनच हात हलवला आणि फार घाईत असल्यासारखी पुढं गेले. त्याच्या पुढच्या शनिवारीही ती उभी होती. मी रस्त्याकडे बघत गेले. तिसऱ्या शनिवारी ती दारात दिसली नाही, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. आता रोज दोन मुठी तांदूळ त्या पोरीच्या पोटात जात असेल, असं म्हणून मी स्वतःवरच खूश होते. खुआंगी तिसऱ्या बाकावरून उठून अगदी शेवटच्या, दाराजवळच्या बाकावर बसायला लागली. मला वाटलं, अशक्तपणा असेल, मधूनच बाहेर जावं लागत असेल. उपासना सुटल्यावर मी विचारायची, "जेवलीस?"

"जेवले," ती म्हणायची. आमच्याकडे याला दुसरं उत्तरच नाही. जीव गेला तरी माणूस "जेवले" म्हणूनच जाईल.

असे दहा शनिवार गेले. दहाव्या शनिवारी आम्ही खालून जात होतो तेव्हा तिच्या छपरातून धूर येत नव्हता. आतून हाका ऐकू आल्या, "मुआनी, ए मुआनी." जोरात नाही, हळूच, पुन्हा पुन्हा.

झामी थांबली. "पी दारी, अशा हाका शुद्ध हरपलेल्याला मारतात."

आम्ही पोतं खालीच टाकलं आणि शिडी चढलो.

मुआनी चुलीशेजारी चटईवर पडली होती. ओठांवर फेस, डोळे अर्धे उघडे आणि अंग गार. शेजारी पातेल्यात पांढऱ्या कंदाच्या फोडी. मला लगेच कळलं. तो कंद वाहत्या ओढ्यात तीन दिवस ठेवावा लागतो, नाहीतर विष. हे आम्हाला आमच्या आयांनी थोबाडीत मारून शिकवलं होतं.

"किती दिवस ठेवला होतास?" मी ओरडले.

"एक," खुआंगी म्हणाली. "ती रडत होती गं."

झामी नर्सला आणायला धावली. मी पोरीला मांडीवर आडवं घेतलं, घशात बोट घातलं, उरलं होतं ते निघालं. कोमट पाणी पाजलं, तेही निघालं. अंग चोळत मी म्हणाले, "थोडा तांदूळ दे. पेजेपुरता."

"नाही."

"मीठ तरी?"

तिनं फळीकडे बोट दाखवलं. पोरीला चटईवर ठेवून मी हात वर केला, मिठाच्या पुडीआधी डबा हाताला लागला. तो हलेना. एवढा जड डबा मी दोन्ही हातांनी खाली घेतला, झाकण काढलं, आणि तशीच उभी राहिले. तांदूळ. पांढरा, लालसर, जाडा, बारीक, कधी या दुकानातून कधी त्या दुकानातून आणलेला, थरावर थर.

डबा पुढ्यात ठेवून मी पोरीला पुन्हा मांडीवर घेतलं.

"खुआंगी, हे काय आहे?"

"ठेव तिथं."

"हे काय आहे, विचारते!"

"मुठीचा," ती म्हणाली. "तुम्ही नेला नाहीत."

पोर मांडीवर कण्हत होती. मी डब्यात हात घातला तशी तिनं माझं मनगट धरलं. एवढ्याशा हाडांत एवढा जोर कुठून आला कोण जाणे.

"सोड! पोर मरतेय तुझी!"

"तो माझा नाही."

"नाही म्हणजे? तुझ्या घरात आहे, तू काढलास, तुझा नाही तर कुणाचा? असला कसला देव आहे तुझा, पोरीच्या तोंडातलं काढून फळीवर ठेवायला सांगणारा?"

असलं मी बोलले. मंडळीनं नेमलेली बाई मी.

खुआंगीनं मनगट सोडलं नाही. "मी काय दगडाची आहे का?" ती म्हणाली. "तांदूळ संपून पाच दिवस झाले. परवा मी डब्यात हात घातला होता. कालही घातला होता. बाहेर काढला."

तेवढ्यात झामीबरोबर नर्स आली. तिनं सुई टोचली, सलाईनची बाटली छपराच्या वाशाला टांगली, पोरीचे डोळे उघडून पाहिले. आम्ही तिघी नर्सच्या तोंडाकडे बघत बसलो. उन्हं कलायला लागली तेव्हा मुआनीनं डोळे उघडले आणि म्हणाली, "पोटात दुखतंय." असलं गोड वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही.

"वाचली," नर्स म्हणाली. "ओकलं सगळं म्हणून वाचली. आता कंद बंद. पातळ पेज द्या, थोडी थोडी, आज रात्री आणि उद्याही." तिनं उघड्या डब्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि बाटली संपली की पुन्हा येते म्हणून निघून गेली.

मी खुआंगीला म्हणाले, "ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग?"

ती चुलीकडे बघत बोलायला लागली. "लेकीचं नाव कमी केलंत तेव्हा निदान उभं राहून वाचून दाखवलंत. मला कळलं तरी. माझं केलंत ते नुसतं दारावरून पुढं जाऊन. एवढी वर्षं मूठ दिली, एका शब्दानं सांगायचं तरी होतं, दारी."

मी झामीकडे पाहिलं. झामीनं तोंडावर हात ठेवला होता.

"नाव कमी? तुझं? कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? सगळ्यांच्या दारात थांबता, माझ्या नाही. मी पायरीवर उभी होते, तू बघितलंस आणि गेलीस. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले, कुणी म्हणालं का, खुआंगी, पुढं ये म्हणून? मग मी समजले. लेकीचं पाप आईच्या अंगावर आलं."

"मग डबा घेऊन यायचं, विचारायचं! भांडायचं!"

"आणि सगळ्यांसमोर परत दिला असतात तर?"

नाव कमी झालेल्या माणसाचं दान मंडळी घेत नाही, असं तिला वाटत होतं. ते खरं की खोटं, हे विचारणार कुणाला? मलाच ना? मी तर तोंड चुकवून जात होते.

झामी हळूच म्हणाली, "पण पी खुआंगी, नाव कमी झालं असं वाटत होतं तर मूठ काढत का राहिलात?"

"तुम्ही केलंत ना कमी. त्यानं केलंय असं थोडंच आहे?" खुआंगी म्हणाली. "माणसं न्यायला आली नाहीत म्हणून मी काढायची थांबू? शेवटी शेवटी सगळे मिळून दोन मुठी तांदूळ असायचा. एक तिथं, एक पातेल्यात. पोर विचारायची, आजी, आपली मूठ कुठली? मी म्हणायची, पातेल्यातली."

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. शिडी उतरावी, पोतं उचलावं, घरी जाऊन दार लावून घ्यावं. पण मांडीवर पोर होती.

"खुआंगी," मी म्हणाले, "मंडळीला काही माहीत नाही. पाळकांना माहीत नाही. तुझं नाव आहे तिथंच आहे. तुझं घर मी वगळलं. मी एकटीनं. मला तुझी दया आली."

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिला राग येईल, ती रडेल, सुटले म्हणून देवाचे आभार मानेल, मी सगळं धरून चालले होते. तसं काही झालं नाही. कुणीतरी अंगावर गार पाणी ओतावं तशी ती बघत राहिली.

"दया," ती म्हणाली. "मला शेत नाही, नवरा नाही, लेकीनं तोंड काळं केलं. लाकडं विकायला जाते तेव्हा लोक गरज नसताना विकत घेतात, मला कळतं ते. आठवड्यातून एकदा मी माझ्या दारात उभी राहून दुसऱ्याला काही देत होते. तेवढा वेळ मी कुणाच्या दयेवर नव्हते. तेवढंच होतं गं माझ्याकडे. तेच काढून घेतलंस होय?"

खरं सांगायचं तर मी गप्प बसू शकले असते. पण पुढचं आपोआप बाहेर पडलं. "नुसती दया नव्हती. माझी मूठ लहान झालीय. बोटं दुमडून काढते मी. तुझा तांदूळ पोत्यात पडताना मला बघवत नव्हतं."



"माझीपण," झामी म्हणाली. पहिल्यांदाच तिनं एका शब्दावर भागवलं.

खुआंगी उठली. तिनं डबा उचलला. "पोतं आण."

"अगं, आत्ता नको. पोरीला..."

"झामी, पोतं आण."

झामीनं खालून पोतं आणलं आणि दोन्ही हातांनी तोंड उघडं धरलं. ती रडत होती, पण पोतं हलू दिलं नाही तिनं. खुआंगीनं डबा तिरपा केला. दहा आठवडे त्या पोत्यात पडायला फार वेळ लागला नाही. शेवटी तिनं डबा उलटा करून बुडावर दोन थापा मारल्या, उरलेसुरले दाणे पाडले, आणि रिकामा डबा फळीवर ठेवून दिला. मुआनी चटईवरून सगळं बघत होती. तिनं काही मागितलं नाही, आणि मला त्याचाच जास्त धक्का बसला.

मी घरी पळत गेले. आमच्याकडे दुधाच्या डब्याच्या मापानं दोन मापं तांदूळ उरला होता. दोन्ही मापं मी पदरात ओतली.

रोआ दारात बसला होता. "आणि आपण?"

"कंद. तीन दिवस ओढ्यात ठेवलेला."

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, आत गेला आणि शिंकाळ्यातली सुकी मासळी आणून वर ठेवली. माणूस हसतो भलत्या वेळी, पण वाईट नाही.

खुआंगीनं पदरातला तांदूळ पाहिला आणि मान फिरवली. "ने परत."

"नेणार नाही."

"दया नको म्हटलं ना तुला, दारी."

"कुणी दया म्हटलं? तुला दिल्याशिवाय राहवत नाही, मग मला राहवेल का? द्यायचा मक्ता तुझ्या एकटीकडेच आहे का गं? घेऊनपण बघ एकदा, किती अवघड असतं ते!"

खुआंगीच्या तोंडाचा एक कोपरा हलला. तिनं सूप पुढं केलं.

झामीनं चूल पेटवली. पातेल्यात पाणी ठेवलं. खुआंगीनं सुपात तांदूळ घेतला, दोन-तीनदा पाखडला, एक खडा वेचून टाकला. पाणी उकळायला लागलं. मुआनी उठून बसायचा प्रयत्न करत होती, मी तिच्या पाठीला हात लावला. आम्ही चौघीही त्या पातेल्याकडेच बघत होतो.

मग खुआंगीनं सुपात हात घातला, डबा खाली घेतला आणि मूठ त्यात सोडली. रिकाम्या पत्र्यावर दाणे एवढ्या जोरात वाजले की मुआनी दचकली. मी तर ओरडलेच, "अगं, काय करतेस हे!"

"तांदूळ शिजतोय ना?" खुआंगी म्हणाली आणि बाकीचा पातेल्यात ओतला.

ती मूठ मी नीट पाहिली होती. बोटं दुमडलेली नव्हती.